पहिल्या ग्रॅनी स्क्वेअरला बसण्याआधी

ग्रॅनी स्क्वेअर म्हणजे क्रोशाच्या सुईने मधून बाहेर फेऱ्याफेऱ्यांनी विणलेला चौकोन. त्यासाठी आधी लोकर, आणि ती फिक्या रंगाची. काळी किंवा गर्द निळी कितीही मोहात पाडत असली तरी पहिल्या चौकोनाला नको, कारण या विणीत सगळा खेळ टाक्यांपेक्षा त्यांच्यामधल्या भोकांचा आहे. पुढच्या फेरीत सुई टाक्याच्या डोक्यात नाही, खालच्या भोकात घालायची असते, आणि गडद रंगात ते भोक सापडतच नाही. केसाळ लोकरही याच कारणासाठी बाजूला ठेवा. ती उसवायला गेलात की केस एकमेकांत असे गुंततात की शेवटी कात्री लागते. आणि पहिला चौकोन उसवावा लागतोच. मध्यम जाडीची, साधी, नीट पीळ असलेली अ‍ॅक्रिलिक लोकर उत्तम. पीळ सैल असेल तर सुईचा आकडा लोकरीच्या मधोमध घुसतो, अर्धे धागे वर येतात, अर्धे खालीच राहतात.

सुईचा नंबर गुंड्याच्या लेबलवरच असतो. मध्यम जाडीच्या लोकरीला साधारण ५ मिमी, डीके (डबल निटिंग) नावाच्या जरा बारीक लोकरीला ४ मिमी. हात घट्ट असेल तर अर्धा मिमी मोठी घ्या. लेबल टाकून देऊ नका. पुढे चादर करायची झाली तर त्यावरचा डाय लॉटचा, म्हणजे एकत्र रंगवलेल्या लोकरीच्या खेपेचा, नंबर लागतो. एकाच रंगाच्या दोन लॉटमधला फरक गुंड्यात दिसत नाही, विणल्यावर मात्र डोळ्यात खुपतो.

नमुना कुठल्या पद्धतीत लिहिलाय ते सुई उचलण्याआधी बघा. आपण ज्या उंच टाक्याला खांब म्हणतो तो अमेरिकन नमुन्यात डबल क्रोशे, ब्रिटिश नमुन्यात ट्रेबल. ब्रिटिश डबल क्रोशे हा त्याहून बुटका टाका. मी एकदा हे न बघता बसले. टाके अगदी बरोबर मोजले होते, पण त्यांना उंचीच नव्हती, त्यामुळे कडा पापडासारख्या लाटा घेत वर आल्या. चूक कुठे झाली ते कळायला एक संध्याकाळ गेली.

एका कागदावर एवढं लिहून समोर ठेवा: पहिल्या फेरीत तीन-तीन खांबांचे ४ गट, मग ८, १२, १६. कोपरे कायम चारच. दुसऱ्या फेरीपासून कोपरा म्हणजे एकाच भोकात तीन खांब, दोन साखळ्या, पुन्हा तीन खांब. फेरीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या म्हणजेच पहिला खांब, म्हणून त्या गटात पुढे दोनच खांब घालायचे. सुरुवातीला सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, तेव्हा तिसऱ्या साखळीत खुणेची पिन अडकवा. सेफ्टी पिन चालते. फेरी मिटवायची स्लिप स्टिच (उंची नसलेला, नुसता जोडणारा टाका) त्याच साखळीत घालायची आहे.

कात्री, मोजपट्टी, आणि लोकरीची टोकं आत ओवायला बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई जवळ ठेवा. टोकदार सुई लोकर चिरत जाते. सुरुवातीला आणि शेवटी १५ सेंटीमीटर लोकर मोकळी सोडायची हे आत्ताच ठरवा, तोकडं टोक आत ओवता येत नाही. रंग किती घ्यायचे? पहिल्यांदा एकच. चार फेऱ्यांना चार रंग म्हणजे आठ टोकं, आणि ती लपवण्याचं काम विणण्यापेक्षा कंटाळवाणं.

चौकोन ताणून बसवायला एक जाड टॉवेल आणि न गंजणाऱ्या टाचण्या काढून ठेवा. अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री टेकवू नका. लोकर एकदा मऊ पडून लोळागोळा झाली की पुन्हा उभारी धरत नाही.

आता त्याच लोकरीची वीस साखळ्यांची पट्टी विणून बघा. सुई प्रत्येक साखळीत न अडखळता शिरते का? शिरत नसेल तर सुई बदला. शिरत असेल तर पट्टी उसवा, चार साखळ्या घाला आणि स्लिप स्टिचने त्यांचं कडं करा.