गरम किट कार सुरू होत नाही? सेल्फ बदलण्याआधी हे करा

सकाळी पहिल्या चावीला सुरू होणारी गाडी तासभर चालवून जरा थांबवली, की पुन्हा सुरू व्हायला तयार नसते. गार झाली की काही घडलंच नव्हतं अशी चालू लागते. सुटे भाग आणून घरी बांधलेल्या किट कारची ही नेहमीची तक्रार, आणि तिच्यावरचा नेहमीचा सल्ला म्हणजे ‘सेल्फ (स्टार्टर मोटर) बदला’. मी तो ऐकला होता. दोन सेल्फ बदलले, दोन्ही वेळा त्रास तसाच राहिला. म्हणून सांगतो, मोजल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

१. त्रास चालू असतानाच तपासा

थंड गाडीवर केलेली तपासणी इथे काही कामाची नाही. रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत गाडी चालवा, बंद करा आणि बॉनेट न उघडता १५ मिनिटं थांबा. इंजिन थांबलं की पाणी फिरत नाही, हवा खेळत नाही, पण एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची) धग बाहेर पडतच राहते. त्यामुळे बॉनेटखालचं तापमान गाडी बंद केल्यावर आणखी चढतं.

आता चावी फिरवा आणि ऐका. नुसतं ‘टक्’ होतंय किंवा इंजिन जड जड फिरतंय, तर दोष बहुतेक वेळा विजेचा. झपाट्याने फिरतंय पण पकडत नाही, तर पेट्रोल किंवा स्पार्क. फिरता फिरता उलटा झटका देऊन अडत असेल, तर टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) जास्त पुढे आहे; ते आधी जागेवर आणा.

२. जड फिरत असेल, तर अर्थिंग

बहुतेक किट कार इथेच अडतात, आणि माझा सगळ्यात जास्त वेळही इथेच गेला.

कारखान्यातून आलेल्या गाडीची बॉडी लोखंडी, म्हणजे सगळी गाडीच अर्थ, करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट. आपली बॉडी फायबरची, ती वीज नेत नाही. चासीवर पावडर कोटिंग, तेही वीज अडवतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं. म्हणजे सेल्फला लागणारा सगळा करंट परत बॅटरीकडे जायला एक-दोन पट्ट्याच उरतात. साध्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा सेल्फ सहज १५० अँपिअर ओढतो. वाटेत कुठे ०.०१ ओहम इतकाच रोध असला, तरी १.५ व्होल्ट तिथेच जातात. गार असताना सेल्फ ते सोसतो. तापल्यावर तांब्याचा रोध वाढतो. २० अंशांवरून १०० अंशांवर गेलं की जवळजवळ ३० टक्क्यांनी. सोलेनॉइडची, म्हणजे सेल्फवरच्या विद्युतचुंबकी स्विचची, कॉइल तापली की तिची ओढ कमी होते, आणि आधीच तुटपुंजं असलेलं व्होल्टेज पुरत नाही.

मल्टिमीटरचा ‘बीप’ वाजला म्हणून अर्थिंग चांगलं समजू नका. बीपला केबलची एक तार शाबूत असली तरी पुरते, आणि ०.०१ ओहम साध्या मीटरवर भरवशाने दिसतही नाही. मोजायचं ते सेल्फ मारताना.

गाडी न्यूट्रलमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, इंजिन पकडू नये म्हणून इग्निशन कॉइलला येणारी बारीक वायर काढा (इंजेक्शन असेल तर पेट्रोल पंपाचा फ्यूजही). मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. खांबावर म्हणतोय, त्याला आवळलेल्या केबलच्या टर्मिनलवर नाही. टर्मिनल आणि खांब यांच्यामधला गंजही मोजायचाय. कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत हवं. माझ्या गाडीत १.४ आलं.

मग एक टोक पुढे पुढे सरकवत गेलो. बॅटरी ते चासी ठीक. चासी ते इंजिनाच्या पट्टीचा लग (टोकाची धातूची कडी), तिथे सगळं जात होतं. बोल्ट घट्ट होता, लग चकचकीत होता, पण त्याच्याखाली पावडर कोटिंगचा अखंड काळा थर होता. करंट फक्त बोल्टच्या आट्यांतून वाट काढत होता, आणि उरलेला एक्सिलरेटरच्या केबलमधून. त्या केबलचं प्लास्टिक आतून मऊ पडलं होतं. पुढे ती अडकली असती तर चालत्या गाडीत एक्सिलरेटर उघडाच राहिला असता. या जागी हयगय करू नका.

उपाय स्वस्त आहे. लगच्या मापाएवढं कोटिंग चमकता धातू दिसेपर्यंत खरवडा, स्टार वॉशर घाला, बोल्ट आवळा, मग वरून ग्रीस. शिवाय बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टला जाड केबल द्या. बॅटरी मागे डिकीत असेल तर ३५ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक केबल मी टाकत नाही.

पॉझिटिव्ह बाजू तशीच मोजा: बॅटरीचा खांब ते सेल्फचा मोठा बोल्ट, ०.५ व्होल्टच्या आत.

३. सोलेनॉइडला रिले

‘टक्’सुद्धा होत नसेल, तर बहुतेक वेळा चावीमधून लांबून येणारी बारीक वायर दोषी असते. ४० अँपिअरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) लावा: त्याच्या पिन ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून, ८७ सोलेनॉइडला, ८६ चावीकडून, ८५ अर्थला. सेल्फ एक्झॉस्टला खेटून असेल तर मध्ये पत्र्याची ढाल हवीच. सेल्फला नुसतं कापड गुंडाळू नका, त्याची स्वतःची उष्णता आत कोंडते.

४. फिरतंय पण पकडत नाही

कार्बोरेटर असेल तर एअर फिल्टर काढून, गाडी बंद केल्यावर दहा मिनिटांनी टॉर्चने घशात बघा. जेटमधून पेट्रोलचे थेंब पडताना दिसले, तर कार्बोरेटरच्या वाटीत साठलेलं पेट्रोल उकळून इंजिनात उतरतंय. अशा वेळी एक्सिलरेटर पंप करू नका, आणखी भरेल. पूर्ण दाबून तसाच धरा आणि सेल्फ मारा.

कायमचा इलाज म्हणजे कार्बोरेटरखाली बेकलाइटचा स्पेसर, मॅनिफोल्डसमोर ढाल, आणि पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांब. स्पेसरने उंची वाढते, तेव्हा बॉनेट बसतंय का ते आधी पाहा. पाइपला कपड्याचे चिमटे लावायचा सल्ला सोडून द्या. त्यापेक्षा टाकीकडे परतीची लाइन टाका, पेट्रोल फिरतं राहून पाइपात तापत नाही.

इंजेक्शनच्या गाडीत कूलंट सेन्सरचं रीडिंग बघा आणि क्रँक सेन्सर गरम असताना तपासा. गाडी बंद केल्यावर रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) प्रेशर झरझर उतरत असेल तर पंपाचा व्हॉल्व्ह किंवा इंजेक्टर गळतोय.

५. पुन्हा तापवून बघा

पहिल्या पायरीसारखी गाडी तापवा आणि ५, १५ व ३० मिनिटांनी सुरू करून बघा. निगेटिव्ह बाजूचा आकडा मास्किंग टेपवर लिहून बॅटरीच्या झाकणाला चिकटवा. पुढच्या वर्षी कुरकुर सुरू झाली, तर तोच आकडा आधी मोजायचा.