ड्रायर फिरवताना होणाऱ्या या चुका टाळा

नागपुरात कपडे वाळवायची चिंता कोणाला? नवतपात गच्चीवर टाकलेली सुती साडी अर्ध्या तासात कडकडीत वाळते. म्हणूनच आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर उन्हाळ्यात नावापुरता फिरतो. मिनिटभर फिरवायचा, टपटप थांबली की कपडे दोरीवर. बाकीचं काम ऊन करेल, असा भरवसा असतो.

ही चूक सर्रास होते आणि कपड्यांना तीच सगळ्यात जास्त भोवते. ड्रायरने फेकलेलं पाणी जाताना सोबत विरघळलेला साबण आणि क्षारही मोरीत नेतं. उन्हाने उडालेलं पाणी मात्र एकटंच जातं, साबण आणि क्षार कापडातच राहतात. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी ज्यांना पुरतं, त्यांना हे फारसं जाणवत नाही. शहराच्या कडेला नव्या लेआउटमध्ये जिथे सगळं बोअरवर चालतं, तिथे टॉवेल पापडासारखे का होतात आणि पांढरा शर्ट सहा महिन्यांत करडा का पडतो, याचं एक मोठं कारण हेच. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका होतो आणि तो धाग्यात बसतो. त्यावर लोक आणखी पावडर टाकतात, म्हणजे आणखी साका.

यावर साधा उपाय आहे. साबणाच्या पाण्यातून काढल्याबरोबर कपडे विसळायला टाकू नका. आधी दोन मिनिटं ड्रायर फिरवा, मग विसळा आणि शेवटी पुन्हा पूर्ण पाच मिनिटं फिरवा. मधल्या फेरीत साबण आधीच निघून गेल्यामुळे विसळायला पाणीही कमी लागतं. उन्हाळ्यात नळ एकच वेळ येत असेल तर हा फायदा लहान नाही. फॅब्रिक कंडिशनर विकत आणण्याआधी महिनाभर हे करून बघा.

आता मशीन नाचते, त्याबद्दल. या तक्रारीसाठी मेकॅनिकला बोलावलं जातं आणि बहुतेक वेळा मशीनमध्ये काही बिघडलेलंच नसतं. सेमीचा ड्रायर मिनिटाला साधारण १३०० फेऱ्या घेतो. टब जेमतेम २४-२५ सेंटीमीटर रुंद असला, तरी त्याच्या भिंतीपाशी कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सव्वादोनशे पट ओढ येते. ७०० फेऱ्यांच्या टॉप लोड मशीनचा ड्रम त्याच्या दुप्पट रुंद असूनही तिथे ही ओढ १३० पटींच्या आसपासच राहते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, म्हणून स्वस्तातली सेमी कपडे इतके कोरडे काढते. पण हाच हिशोब उलटाही लागू होतो. टबमध्ये एका बाजूला फक्त २०० ग्रॅम वजन जास्त पडलं, तर ते ४५ किलोच्या जोराने टबला बाहेर ओढतं आणि सेकंदाला वीसहून जास्त वेळा दिशा बदलतं. खालच्या स्प्रिंगा आणि रबरं किती दिवस टिकणार?

म्हणून एकटी जीन्स, एकटी चादर, एकटं पायपुसणं कधीही फिरवू नका. सोबत दोन-चार छोटे कपडे घ्या. टबमध्ये कपडे कडेने गोल बसवा, तळहाताने दाबा आणि वरची प्लास्टिकची जाळी न चुकता लावा. बहुतेक घरांत ही जाळी मशीनच्या मागे पडलेली असते. ती नसली की रुमाल किंवा मोजा उडून ड्रायरच्या आतल्या आणि बाहेरच्या टबाच्या मधल्या फटीत जातो आणि मग मोटर अडकते.

रेनकोट, प्लास्टिकचा टेबलक्लॉथ, लहान मुलांचं रबरी अंथरूण ड्रायरमध्ये अजिबात नको. फुल्ली ऑटोमॅटिकमध्येही नको. त्यातून पाणी आरपार जात नाही, ते घडीत साठतं आणि पूर्ण वेगात असताना अचानक एका बाजूला सरकतं. मशीन उलटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. पावसाळ्यात हे विशेष लक्षात ठेवा.

ड्रायर फिरतच नसेल तर आवाज ऐका. काहीच आवाज नसेल तर झाकणाखालचा स्विच किंवा टायमर बघायला लागेल. नुसती घूं घूं येत असेल तर तीन शक्यता: फटीत कपडा अडकलाय, ब्रेक सुटत नाहीये, किंवा मोटर चालू करून देणारा कंडेन्सर गेलाय. कपडा तुम्ही प्लग काढून स्वतः शोधू शकता. कंडेन्सरला मात्र हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते. ड्रायर मंद फिरत असेल आणि खाली पाणी साचत असेल, तर आधी ड्रेन पाइप बघा. सेमीचं पाणी उताराने जातं, त्यामुळे पाइप मोरीच्या उंबऱ्यावरून वर चढवला की अडलंच. बाल्कनीतल्या मशीनचा पाइप मे महिन्याच्या उन्हात कडक होऊन तडकतो, तो पावसाळ्याआधी बदलून घ्या.

झाकण उघडताच टब थांबवणाऱ्या ब्रेकची तपासणी घरच्या घरी होते. प्लग काढा, झाकण उघडं ठेवा आणि टब हाताने फिरवा. जड लागला तर ब्रेक शाबूत. सहज गरगरला तर ब्रेक गेलाय आणि दुरुस्त होईपर्यंत ड्रायर वापरू नका. फिरत्या टबात हात घालून बाही ओढायची सवय घराघरांत आहे. कपडे पिळणारी यंत्रं आली तेव्हापासून हा धोका चालत आला आहे. दोन रुळांमध्ये कपडा घालून दांडा फिरवायचा, असं पिळण्याचं एक यंत्र अमेरिकेत एलन एग्लिन यांनी तयार केलं आणि १८८८ साली अवघ्या १८ डॉलरला त्याचे हक्क विकले. पुढे असे रूळ विजेवर चालू लागले आणि त्यांत बोटं, कधी अख्खा हात ओढला गेल्याच्या दुखापती इतक्या झाल्या की रूळ चटकन सुटे करणारी कळ बसवावी लागली. तुमच्या ड्रायरच्या झाकणाला जोडलेली ती ब्रेकची तार तेच काम करते. झाकणाचा स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवून मशीन चालवणाऱ्या मेकॅनिकला दारातूनच परत पाठवा.

फ्रंट लोडवाल्यांसाठी एवढंच: पावडर कमी टाका. फेस जास्त झाला की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो आणि मशीन पूर्ण वेग घेतच नाही.

शेवटी, जे ड्रायरमध्ये घालायचंच नाही त्याबद्दल. सूत ओलं झाल्यावर उलट मजबूत होतं, त्यामुळे ते हाताने पिळलं तरी चालतं. रेयॉन ओलं असताना जवळपास निम्मी ताकद गमावतं, रेशीम आणि लोकरही कमजोर होतात. आपल्या भागातली करवतकाठी टसर साडी पीळ घालून पिळली की काठ आणि अंग वेगवेगळं आकसतं आणि ती लाट इस्त्रीनेही नीट जात नाही. अशी साडी कोरड्या सुती चादरीवर पसरवा, चादरीसकट सैल गुंडाळा, वरून तळहाताने दाबा. चादर ओली झाली की दुसरी घ्या. मग सावलीत, दोरीवर न लोंबकळवता, बाजेवर आडवी टाका.