बदललेल्या गुडघ्यात जंतुसंसर्गाची शंका आल्यास काय करावे

गुडघा बदललेल्या ज्येष्ठ व्यक्तीचा तो गुडघा नव्याने दुखू लागला, सुजला, हाताला गरम लागला किंवा टाक्यांच्या जागेतून पाणी वा पू येऊ लागला, तर शस्त्रक्रियेला तीन आठवडे झालेले असोत वा दहा वर्षे, जंतुसंसर्गाची शंका धरावी. उतारवयात अशा वेळी ताप येतोच असे नाही.

औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणून घरीच सुरू करणे मात्र कटाक्षाने टाळावे. स्टॅफिलोकॉकससारखे जंतू कृत्रिम सांध्याच्या पृष्ठभागावर चिकट थर तयार करतात; त्या थरातल्या जंतूंवर गोळ्यांचा पुरेसा परिणाम होत नाही, दुखणे तेवढे दबते आणि पुढे तपासणीत जंतू सापडणेच अवघड होते. शेजाऱ्यांना लागू पडलेली गोळी येथे खरोखर घात करू शकते.

त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना फोन करावा आणि डिस्चार्ज कार्ड, साखरेचे रिपोर्ट व चालू औषधांची यादी सोबत न्यावी. रक्ताची सीआरपी व ईएसआर (शरीरातील दाह दाखवणाऱ्या चाचण्या) तपासणी होते. पण निर्णायक माहिती बहुधा सांध्यातील पाण्यातून मिळते. ते निर्जंतुक वातावरणातच काढायचे असते, आणि सावकाश वाढणाऱ्या जंतूंसाठी त्याचे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) 14 दिवसांपर्यंत ठेवावे लागते, म्हणून रिपोर्टसाठी धीर धरावा.

लक्षणे कोणत्या दिवशी सुरू झाली, हे नेमके सांगावे, कारण साधारण तीन आठवड्यांच्या आत आणि सांधा हाडात पक्का बसलेला असल्यास तो उघडून धुणे व मधला प्लॅस्टिकचा भाग बदलणे पुरू शकते. उशीर झाल्यास बहुधा सांधा काढून अँटिबायोटिकमिश्रित सिमेंटचा तात्पुरता सांधा बसवावा लागतो आणि नवा सांधा नंतर, दुसऱ्या शस्त्रक्रियेत बसतो. मुले परदेशी आणि आईवडील कोथरूडला, अशा घरांत ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

थंडी वाजून हुडहुडी भरणे, गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा धाप असल्यास मात्र वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

जंतू पायाच्या जखमेतून किंवा लघवीच्या संसर्गातूनही रक्तावाटे सांध्यात पोहोचू शकतात. मधुमेह असलेल्यांनी पुण्याच्या पावसाळ्यात, विशेषतः पालखीसोबत चालून आल्यावर, तळवे व बोटांच्या बेचक्या रोज पाहाव्यात आणि फोड वा चीर दिसल्यास लगेच दाखवावी.