तीन तास लिहायचंय? आधी मूठ सैल करा

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. माझा फिजिओथेरपीचा दवाखाना त्याच भागात, त्यामुळे हात दुखतो म्हणून येणाऱ्यांत स्पर्धा परीक्षांची मुलंमुलीच जास्त. त्यांच्या खालोखाल, श्रावणाच्या सुमारास दिवाळी अंकांचं लिखाण अंगावर आलेले लेखक. बऱ्याच जणांच्या सॅकमध्ये स्पंजचा चेंडू असतो. "ताई, रोज दाबतोय, पण फरक नाही." तो चेंडू आधी बाजूला ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगते. लिहिताना हात तासन्‌तास आवळलेलाच असतो. विश्रांतीच्या वेळीही त्याच स्नायूंना आवळायला लावलं तर ते सुटणार कधी? लिहिणाऱ्या हाताला उघडण्याचा व्यायाम हवा, आणि तो दुखायला लागण्याआधी हवा.

हे किती मोठं काम आहे ते बघा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचा एक पेपर तीन तासांचा, २० प्रश्नांचा. दहा उत्तरं १५० शब्दांची, दहा २५० शब्दांची. शब्दमर्यादा पूर्ण वापरली तर ४००० शब्द झाले, आणि असे दोन पेपर एकाच दिवशी. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली, म्हणजे आजवर पर्यायांचे गोल काळे करणाऱ्या हातांवर हे ओझं एकदम आलं. धावण्याच्या चाचणीसाठी जी मुलं महिनोन्‌महिने मैदानावर जातात, तीच हाताची काहीच तयारी न करता तीन तासांचा सराव पेपर लिहायला बसतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे दुखणं बहुतेक वेळा टाळता येतं.

मुळात बोटांमध्ये स्नायू नसतातच. छोटे स्नायू तळव्यात असतात, आणि बोटं वाकवणारे, सरळ करणारे मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागात. ते टेंडनच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या मार्फत बोटं ओढतात, सायकलच्या ब्रेकची तार नळीतून सरकावी तसे. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. खाली हाडं, वर जाड पट्टा, आणि आतून नऊ टेंडन आणि एक मोठी नस जाते. मनगट वाकवून लिहीत राहिलं की या बोगद्यात दाटी होते. म्हणून कुणी "बोटं दुखतात" म्हटलं, तरी मी आधी कोपराखालचा मांसल भाग दाबून बघते. तिथे अंगठा टेकला तरी माणूस कळवळतो. इलाजही तिथूनच सुरू होतो.

व्यायामाआधी एक तपासणी. दोन-तीन ओळी लिहा आणि थांबा. तर्जनीच्या नखाकडे बघा. नखाखालचा भाग पांढरा पडलाय का, टोकाचं पेर मागे मुडपलंय का? मग पान उलटून मागच्या बाजूने बोट फिरवा. अक्षरांचे उंचवटे हाताला लागत असतील, त्याहून वाईट म्हणजे खालच्या दोन-तीन पानांवरही ठसे उमटले असतील, तर तुमची निम्मी ताकद कागद दाबण्यात चालली आहे. लिहिता लिहिता दुसऱ्या हाताने पेन मागून हलकेच ओढून बघा. ते सहज निसटायला हवं.

पकड सैल करायला पेन बदलण्याइतका सोपा उपाय नाही. बारीक, गुळगुळीत दांड्याचं बॉलपेन धरायलाही जोर लागतो आणि चालवायलाही. थोडं जाड, रबराची पकड असलेलं, न दाबता शाई सोडणारं जेल पेन किंवा शाईपेन घ्या. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला जाताच, तेव्हा एखाद्या स्टेशनरीच्या दुकानात चार पेनं हातात धरून, पानभर लिहून बघा. फक्त सही करून पेन निवडू नका.

मराठीतून लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. शिरोरेषा कुठून ओढता, याकडे लक्ष द्या. मनगटाची बाजू टेबलावर रोवून फक्त पंजा उजवीकडे झटकत प्रत्येक शब्दावर रेघ मारली, तर तीन तासांत मनगट शेकडो वेळा एकाच बाजूला वाकतं. मी मुलांना कोपरापासून अख्खा हात सरकवायला लावते. सुरुवातीला अक्षर थोडं बिघडतं, सरावाने पुन्हा सुधारतं. पेशवे दफ्तरातली मोडी पानं पाहिलीत तर आधी पानभर आडव्या रेघा ओढून मग त्यांना अक्षरं लटकवलेली दिसतात. अशी लांब रेघ नुसत्या मनगटाने ओढताच येत नाही, तिला हात सरकवावाच लागतो.

आता लिहायला बसण्यापूर्वीची पाच मिनिटं. हात गार असतील तर आधी कोमट पाण्यात धरा किंवा तळवे एकमेकांवर चोळा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला अभ्यासिका गाठणाऱ्यांनी हे चुकवू नये. खांदे मागच्या बाजूने गोल फिरवा, मान सावकाश दोन्हीकडे वळवा, कारण हाताच्या नसा मानेतूनच निघतात. मग टेंडन सरकवण्याचा व्यायाम. कोपर टेबलावर टेकवा, पंजा उभा, बोटं सरळ. आता फक्त वरची दोन पेरं वाकवून बोटांचा आकडा करा, मुळाशी बोटं सरळच राहू द्या. पुन्हा सरळ. मग पूर्ण मूठ, अंगठा बाहेर, अजिबात न आवळता. पुन्हा सरळ. मग बोटं ताठ ठेवून फक्त मुळाशी काटकोनात वाकवा. पुन्हा सरळ. शेवटी सपाट मूठ, म्हणजे बोटं मुळाशी आणि मधल्या पेरापाशी वाकलेली, टोकं तळव्याच्या मनगटाकडच्या भागाला टेकलेली, पण टोकाची पेरं सरळ. ही एक फेरी झाली. अशा पाच फेऱ्या सावकाश करा. घाईत केलं तर नुसती बोटं हलतात आणि टेंडन पूर्ण सरकत नाहीत.

त्यानंतर दोन ताण. उजवा हात समोर सरळ, कोपर ताठ, तळवा वर. डाव्या हाताने उजवी बोटं धरून खाली आणि स्वतःकडे ओढा. कोपराखाली, आतल्या बाजूला ओढ जाणवेल. २० सेकंद थांबा. मग तळवा खाली करा, पंजा मनगटातून खाली सोडा, डाव्या हाताने पंजाची मागची बाजू हलकेच स्वतःकडे दाबा. आता ओढ वरच्या, बाहेरच्या बाजूला येईल. हा दुसरा ताण बहुतेक जण गाळतात, आणि लिहिणाऱ्याला मला विचाराल तर हाच जास्त लागतो, कारण मनगट स्थिर धरण्याचं काम याच बाजूचे स्नायू सतत करत असतात. दोन्ही ताण दोन-दोनदा करा. ओढ जाणवावी, दुखू नये. मुंग्या आल्या तर लगेच सोडा.

लिहिताना वेगळा वेळ काढायची गरज नाही. उत्तर संपलं, पुढचा प्रश्न वाचायचाच आहे, तेवढ्यात पेन खाली ठेवा. नुसतं बोटांत सैल धरू नका, ठेवाच. पाचही बोटं पसरून पंजा पूर्ण उघडा, मग हात मांडीशेजारी लोंबता सोडून हलका झटका, खांदे खाली. दहा सेकंद. २० प्रश्नांत मिळून साडेतीन मिनिटंही होत नाहीत, आणि त्या वेळात तुम्ही प्रश्न वाचतच असता. घरच्या सरावातच याची सवय लावा, परीक्षेच्या दिवशी ते आपोआप आठवत नाही.

सुट्टीत मोबाइल नको, हे मी आईच्या काळजीने सांगते. जिन्यात उभं राहून दहा मिनिटं रील सरकवलं की मेंदूला विश्रांती वाटते, पण अंगठ्याची पाळी सुरूच राहते. दुसरी गोष्ट दुचाकीची. कात्रज किंवा वारज्याहून पेठेत गाडीवर येणाऱ्यांचा उजवा हात लिहिण्यापूर्वीच अर्धा तास मूठ पिळून आलेला असतो. सिग्नलला हँडल सोडा, बोटं उघडा, आणि पोचल्यावर लगेच पेन न धरता आधी वरचे व्यायाम करा. तिसरी टेबलाची कड. अभ्यासिकेच्या अरुंद टेबलाच्या टोकदार सनमायकावर कोपर रोवून बसलं की करंगळीत मुंग्या येतात, कारण तिथे नस अगदी वर असते. खाली नॅपकिनची घडी ठेवा.

ताकद वाढवायला संध्याकाळी, न दुखणाऱ्या दिवशी, पार्सलला येतो तो साधा रबरबँड पाचही बोटांच्या टोकांभोवती लावा. सावकाश उघडा, त्याहून सावकाश मिटा, दहा-बारा वेळा. दुसरा व्यायाम अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा. हात टेबलावर, पंजा कडेबाहेर, तळवा खाली, मुठीत बाटली. दुसऱ्या हाताने पंजा वर उचलून द्या आणि चार अंक मोजत एकट्याने खाली आणा. असं दहा वेळा. आठवड्यातून तीन दिवस पुरे. लिखाणही असंच हळूहळू वाढवा. एका आठवड्यात रोज दोन उत्तरं, पुढे चार, मग अर्धा पेपर. टेंडनला सवय व्हायला स्नायूंपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून शेवटच्या पंधरवड्यात रोज दोन पूर्ण पेपर हा हट्ट मला मान्य नाही.

कीबोर्डवर लिहिणाऱ्यांनाही हेच व्यायाम चालतात. फक्त कीबोर्डचे मागचे पाय मिटवून तो सपाट ठेवा, आणि टाइप करताना मनगट टेबलावर टेकवू नका, ते थांबल्यावर टेकवा.

काही दुखणी मात्र व्यायामाने अंगावर काढायची नाहीत. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत मुंग्या येऊन रात्री जाग येते आणि हात झटकावा लागतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, डबा उघडताना कळ येते. हातातून कप सुटतो. किंवा बाकी सगळी कामं नीट होतात, पण पेन धरलं की बोटं आपोआप वळतात. शेवटच्या तक्रारीसाठी मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा, बाकीच्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे. मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर तो आवर्जून सांगा, कारण बोगद्यातली नस दबण्याचा संभव त्यात वाढतो.

दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत मुलं मला फोन करून विचारतात, हाताला बाम लावू का, बर्फ लावू का. काहीही लावू नका. जेवून घ्या, कोमट पाण्याने हात धुवा, टेंडनच्या दोन फेऱ्या आणि दोन्ही ताण करा, आणि दुपारच्या पेपराची नोंद वाचताना ती दुसऱ्या हातात धरा. रात्री उशाखाली मनगट मुडपून झोपू नका.