बोरघाटातील गाड्यांची छायाचित्रे कशी काढावीत

कर्जत ते लोणावळा हे रेल्वेचे अंतर अवघे २८ किलोमीटर आहे, परंतु तेवढ्यात गाडी साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची चढते. १८६३ साली वाहतुकीला खुल्या झालेल्या या घाटातील चढ ३७ मीटरला एक मीटर इतका तीव्र आहे. आकडा किरकोळ वाटेल. पण सहाशे मीटर लांबीची मालगाडी अशा चढावर असताना तिचे तोंड शेपटापेक्षा सुमारे १६ मीटर, म्हणजे पाचमजली इमारतीएवढे उंचावर असते. घाटातील छायाचित्राची कसोटी माझ्या मते हीच आहे, की त्यात हा चढ दिसला पाहिजे. नुसता इंजिनाचा दर्शनी भाग टिपायचा असेल, तर तो दादरच्या फलाटावरही मिळतो.

पहिली पायरी: जागा निवडणे

सुरुवात कर्जतच्या फलाटावरून करावी. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना येथे मागून ढकलण्यासाठी दोन-तीन बँकर इंजिने जोडली जातात. प्रवासी बटाटेवड्यांच्या मागे असतात, तेव्हा आपण गाडीच्या शेवटच्या डब्याजवळ उभे राहावे. बँकर अगदी सावकाश सरकत येतो, शेवटच्या डब्याला टेकतो, कर्मचारी कपलिंग जोडतो आणि ब्रेकचे नळ जुळवतो. हे काम फलाटावरून, सुरक्षित अंतर राखून, नीट टिपता येते. तेथून खोपोली लोकलने पळसदरीला उतरावे. खोपोलीचा फाटा येथे वेगळा होतो आणि मुख्य मार्ग घाटाकडे वळतो, त्यामुळे पूर्ण जोर लावून निघालेल्या गाड्या जवळून पाहायला मिळतात.

उंचावरून दृश्य हवे असल्यास लोणावळ्याहून कुरवंडे गाव गाठून नागफणीचा कडा चढावा. खाली द्रुतगती मार्ग आणि त्यापलीकडे डोंगराच्या कुशीतून जाणारा लोहमार्ग असे दृश्य तेथून दिसते, मात्र त्यासाठी ७० ते ३०० मिलिमीटरच्या टप्प्यातील लेन्स सोबत असावी. पावसाळ्यात हा कडा निसरडा आणि धुक्याने झाकलेला असतो, म्हणून तेव्हा तेथे एकट्याने जाणे टाळावे.

घाटातील मंकी हिल या ठिकाणाकडे रुळांवरून चालत जाण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मुळीच मानू नये. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार रुळांवरील अनधिकृत प्रवेशासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय बोगद्यात शिरल्यावर गाडी कोणत्या मार्गिकेवरून येत आहे याचा अंदाज आवाजावरून लागत नाही, आणि घाटात तर तीन मार्गिका आहेत. वरच्या तारांमध्ये २५ हजार व्होल्टचा विद्युतप्रवाह असतो, तेव्हा फलाटावर किंवा पुलावर सेल्फी स्टिक, मोनोपॉड वा छत्री उंचावू नये. व्यावसायिक चित्रीकरणासाठी रेल्वेची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

दुसरी पायरी: वेळ आणि प्रकाश

बोरघाट सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर असल्याने सकाळी सूर्य डोंगरामागे असतो आणि दरी बराच वेळ सावलीत राहते. दुपारनंतर मात्र कड्यांवर थेट ऊन पडते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे नागफणीवरून उत्तरेला पाहताना प्रकाश पाठीमागून मिळतो. संध्याकाळची पुण्याकडे जाणारी दख्खनची राणी साधारण पावणेसातच्या सुमारास कर्जतला असते. म्हणजे डिसेंबरात ती घाटात अंधारातच चढते आणि उजेडात हवी असेल तर उन्हाळ्याची वाट पाहावी लागते.

प्रवासी गाडी कुठवर आली हे रेल्वेच्या एनटीईएस या ॲपवर समजते. मालगाडीचे वेळापत्रक प्रवाशांना मिळत नाही, तेथे खुणा ओळखाव्या लागतात. दोन-तीन इंजिने एकमेकांना जोडून डब्यांविना खाली उतरताना दिसली, तर ते लोणावळ्याला काम संपवून कर्जतकडे परतणारे बँकर असतात आणि लवकरच ते दुसऱ्या गाडीला लागण्याची शक्यता असते. दिशेबाबत नवख्यांचा हमखास गोंधळ होतो, कारण मुंबईपासून दूर जाणारी गाडी रेल्वेच्या भाषेत ‘डाऊन’ असते. म्हणजे येथे घाट चढणारी गाडी डाऊन आणि उतरणारी अप. मुंबई–सोलापूर वंदे भारतला मात्र बँकर लागत नाही, त्यामुळे तिच्या शेपटाकडे इंजिने शोधत बसू नये.

तिसरी पायरी: कॅमेरा आणि चौकट

चढावर गाड्यांचा वेग कमी असल्याने सेकंदाचा पाचशेवा भाग हा शटरवेग बहुधा पुरेसा ठरतो. बोगद्यातून बाहेर येणाऱ्या इंजिनाचा दिवा कॅमेऱ्याच्या प्रकाशमापनाला फसवतो आणि सारे चित्र काळवंडते. म्हणून गाडी येण्यापूर्वीच बोगद्याबाहेरच्या उजेडानुसार मॅन्युअल सेटिंग करून ठेवावे. धुक्यात ऑटोफोकस भरकटतो. अशा वेळी गाडी ज्या ठिकाणी टिपायची आहे तेथील विजेच्या खांबावर फोकस साधून तो तसाच राखावा.

सर्वाधिक काळजी क्षितिजाची घ्यावी. चढावरचा रूळ तिरका दिसतो म्हणून अनेक जण कॅमेरा किंवा नंतर संगणकावर चित्र फिरवून रूळ आडवा करतात आणि ज्यासाठी घाटात आलो तो चढच नाहीसा होतो. सरळ उभी असलेली गोष्ट, म्हणजे खांब किंवा स्थानकाची भिंत, प्रमाण मानावी आणि रूळ तिरका दिसू द्यावा. शक्य असेल तेव्हा वळणाच्या आतील बाजूची जागा निवडावी, म्हणजे पुढचे इंजिन आणि मागचे बँकर एकाच चौकटीत येतात. कोळशाची रिकामी वाघीण (मालगाडीचा डबा) आणि भरलेली वाघीण यांचा फरकही उंचावरून स्पष्ट दिसतो.

गाडीतूनच छायाचित्र घ्यायचे असल्यास खिडकीतून घ्यावे. रेल्वे कर्मचाऱ्याने बजावल्यावरही पायरीवर उभे राहून प्रवास करणे रेल्वे कायद्याच्या कलम १५६ खाली गुन्हा आहे.

चौथी पायरी: नोंद

घरी आल्यावर तारीख, वेळ, दिशा, मार्गिका आणि इंजिनाचा पाच अंकी क्रमांक लिहून ठेवावा. जवळच्या विजेच्या खांबावरील किलोमीटरचा आकडा वाचता आला, तर ठिकाण अचूक नोंदवता येते. पुढच्या इंजिनाचा क्रमांक बहुतेक जण टिपतात, बँकरांचे क्रमांक मात्र राहून जातात, तेही लिहावेत.