सोव्हिएत सिनेमातली बंदूक ओळखताना या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कथेचं साल बघून बंदुकीचं नाव ठोकून देणं. पडद्यावर कथेच्या काळातली बंदूक असेलच असं नाही. चित्रीकरणाच्या वेळी जी हाताशी होती ती असते.

व्लादिमीर मोतिल यांचा १९७० सालचा 'वाळवंटातला पांढरा सूर्य' घ्या. काळ क्रांतीनंतरच्या रशियातल्या यादवी युद्धानंतरचा, जागा कॅस्पियन समुद्राचा पूर्व किनारा. लाल सैन्यातून घरी निघालेल्या सुखोवच्या हातात लुईस मशिनगन आहे आणि ती तिथे शोभतेही, कारण पहिल्या महायुद्धात रशियाकडे लुईस आल्या होत्या. पण काही दृश्यांत ती लुईस नाहीच! सोव्हिएत बंदूक-रचनाकार देगत्यारोवच्या डीटीवर लुईसच्या नळीभोवतालचं जाड नळकांडं चढवलेलं आहे. डीटी ही रणगाड्यावर बसवायची मशिनगन, १९२९ सालची. असं सोंग का, याचं उत्तर बहुधा काडतुसांत आहे: डीटीला नेहमीची रशियन काडतुसं चालत. नळकांड्याकडे बघू नका, वरच्या गोळ्यांच्या तबकडीकडे बघा. लुईसची नेहमीची तबकडी ४७ गोळ्यांची, रुंद नि चपटी. डीटीची लहान पण जाडजूड, कारण तिच्यात ६३ गोळ्या थरांवर थर रचलेल्या असतात.

पाण्याने नळी थंड ठेवणाऱ्या मॅक्सिम मशिनगनच्या बाबतीत नजर पाण्याच्या झाकणावर ठेवा. नळीभोवतीच्या टाकीला वर मोठं, रुंद तोंड दिसलं, की ती १९४० नंतरची. फिनलंडशी झालेल्या १९३९-४० च्या हिवाळी युद्धात फिनिश मॅक्सिम बघून सोव्हिएतांनी ही सोय उचलली. पाणी गोठलं तर सरळ बर्फ कोंबता येतो. यादवी युद्धाच्या सिनेमात असं झाकण दिसलं तर खुशाल हसा. यादवी युद्धावरच्याच १९३४ च्या 'चापायेव' या सिनेमात मात्र ते शोधत बसू नका, तेव्हा ते जन्मालाच आलं नव्हतं.

आपला घोटाळा वेगळाच. पोलिसांच्या खांद्यावर थ्री नॉट थ्री बघत वाढलेल्या डोळ्यांना लांब लाकडाची प्रत्येक रायफल तशीच वाटते. मोसिन या रशियन रायफलच्या बोल्टची मूठ आडवी बाहेर येते, थ्री नॉट थ्रीची खाली वळलेली. मोसिनची नळी लाकडाच्या पुढे लांब निघते. थ्री नॉट थ्रीचं नाक चपटं. रशियन लोक मोसिनला 'तीन रेघी' म्हणतात. एक रेघ म्हणजे इंचाचा दहावा भाग, तीन रेघा म्हणजे ७.६२ मिलिमीटर. गंमत अशी, की हिशेबाने तीही पॉइंट थ्री झिरोच!

नागान हे रशियन सैन्यातलं रिव्हॉल्व्हर दिसलं की सहा बार मोजून 'आता संपल्या' म्हणू नका. त्यात सात गोळ्या मावतात. घोडा मागे ओढला की चक्र पुढे सरकून नळीला चिकटतं, त्यामुळे फटीतून वायू निसटत नाही. म्हणूनच एरवी रिव्हॉल्व्हरवर फारसा उपयोग नसलेला सायलेन्सर नागानवर खरंच चालतो.

महायुद्धाच्या सिनेमात प्रत्येक जर्मनाच्या हाती एमपी-४० ही सबमशिनगन असते, आणि बघणारे तिला 'श्मायसर' म्हणतात. दोन्ही चूक. जर्मन बंदूक-रचनाकार ह्यूगो श्मायसरने ती घडवली नव्हती, आणि साध्या जर्मन शिपायाकडे बहुतेक वेळा बोल्टवाली माउझर रायफलच असे.