जुना स्टोरेज हीटर बिघडला म्हणण्याआधी या चुका टाळा

ब्रिटनमध्ये गॅस नसलेला फ्लॅट भाड्याने घेतला की भिंतीला टेकलेली एक चपटी, अवजड पेटी तुमच्या वाट्याला येते. माझ्या पहिल्या हिवाळ्यात या पेटीने मला पुरतं छळलं. पहाटे चारला घामाने जाग यायची आणि संध्याकाळी कामावरून आलो की घरातही अंगातला कोट काढवत नसे. हीटर खराब आहे म्हणून घरमालकाला दोनदा कळवलं. हीटर धडधाकट होता. नॉब मी उलटे फिरवत होतो.

‘हीटर’ हे नावच फसवं आहे. थंडी वाजली की लावायची ही वस्तू नव्हे. आत जड विटा रचलेल्या असतात. रात्रीच्या स्वस्त विजेवर त्या तापतात आणि दिवसभर ऊब सोडत राहतात. १९७८ साली सुरू झालेला ‘इकॉनॉमी ७’ दर याच हिशेबावर चालतो: रात्री सात तास वीज स्वस्त, आणि त्या बदल्यात दिवसाची वीज साध्या दरापेक्षा महाग. म्हणजे उद्या किती ऊब लागेल, ते आज झोपण्याआधी ठरवायचं.

दोन नॉबची गल्लत

जुन्या हीटरवर ‘इनपुट’ आणि ‘आउटपुट’ असे दोन नॉब असतात. इनपुट म्हणजे रात्री किती ऊब भरून घ्यायची. आउटपुट म्हणजे वरची झडप किती उघडायची. सर्रास होणारी चूक अशी: संध्याकाळी गारठा जाणवतो, आउटपुट पूर्ण उघडतो आणि तसाच ठेवून झोपतो. मग रात्री विटा तापतात आणि त्याच वेळी झडपेतून ऊब निसटतही राहते. निसटलेली ऊब भरून काढायला हीटर आणखी वीज ओढतो. बिल फुगतं, पहाटे खोलीची भट्टी होते आणि संध्याकाळसाठी काही उरत नाही.

झोपताना आउटपुट अगदी कमीवर आणा. सकाळीही बंदच राहू द्या, कारण पेटीच्या अंगातून झिरपणारी ऊब बहुतेक वेळा पुरते. दुपार कलल्यावर किंवा घरी आल्यावर लागेल तसा उघडा. इनपुट हवामानाच्या अंदाजावर ठरवा. उद्या बर्फ पडणार असेल तर आज रात्री वाढवा, दिवस सौम्य असेल तर कमी करा. अख्खा हिवाळा तो ‘सहा’वर ठेवणारे लोक मी पाहिलेत. नोव्हेंबरातल्या उबदार दिवशी त्यांच्या खिडक्या उघड्या असतात.

मीटरकडे न पाहणं

हीटर तपासायचा म्हणजे आधी मीटर तपासायचं, हे मला फार उशिरा कळलं. झोपताना मीटरवरचे दोन्ही आकडे, स्वस्त आणि महाग, लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. ३.४ किलोवॅटचा हीटर सात तास पूर्ण चालला तर सुमारे २४ युनिट खातो, २.५५ किलोवॅटचा सुमारे १८. क्षमता पेटीवरच्या पट्टीवर लिहिलेली असते. स्वस्त आकडा रात्रीतून असा उडी मारत असेल तर मीटर ठीक आहे. उडी महाग आकड्याने मारली तर एकतर मीटरचं घड्याळ सरकलंय किंवा बिलात दोन्ही आकड्यांची अदलाबदल झालीय. असं महिनोनमहिने चालू राहू शकतं आणि आपण मात्र हीटरला शिव्या घालत बसतो.

घड्याळाची आणखी एक गंमत. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, पण कित्येक जुनी मीटरं ही उन्हाळी वेळ पाळत नाहीत. हिवाळ्यात रात्री साडेबाराला सुरू होणारे स्वस्त तास उन्हाळी वेळेत दीडला सुरू होतात. तुमचे नेमके तास कोणते, ते वीज कंपनीला विचारून घ्या. ते भागाप्रमाणे बदलतात.

काही घरांत स्वस्त दराची चालू-बंद आज्ञा लाँगवेव्ह रेडिओवरून यायची. ही रेडिओ टेलिस्विच सेवा ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद व्हायला लागली. मीटरशेजारी ‘टेलिस्विच’ लिहिलेला वेगळा डबा दिसला आणि हीटर अचानक भलत्याच वेळी तापू लागले किंवा तापेनासे झाले, तर आधी वीज कंपनीला गाठा. इलेक्ट्रिशियन नंतर.

लक्षणावरून बिघाड ओळखा

घरातले सगळेच हीटर सकाळी गार असतील तर दोष बहुधा मीटर, टायमर किंवा फ्यूजबॉक्समध्ये आहे. एकच गार असेल तर त्याचा भिंतीवरचा स्विच आणि फ्यूज बघा. उन्हाळ्यात बंद केलेला स्विच तसाच राहिलेला असणं, हे मी स्वतः केलेलं आहे. त्यानंतर संशय उष्णतेच्या सुरक्षा कटआउटवर, म्हणजे पेटी फार तापली की वीज तोडणाऱ्या स्विचवर. हीटरवर ओले कपडे वाळत घातले की ऊब कोंडते आणि कटआउट उडतो. आग लागण्याचाही धोका असतो, म्हणून सोफा आणि पडदेही हातभर लांब ठेवा.

इनपुट पूर्ण असूनही हीटर सकाळी जेमतेम कोमट लागला तर विटा तापवणारं एखादं एलिमेंट जळालेलं असण्याची शक्यता मोठी. एका पेटीत सहसा एकाहून जास्त एलिमेंट असतात, त्यामुळे उरलेली अर्धामुर्धा हीटर चालवत राहतात. इनपुट कमी करूनही पेटी चटके देत असेल तर रात्री किती ऊब भरायची ते नियंत्रित करणारा थर्मोस्टॅट गेला. ही दुरुस्ती लांबवू नका. तोवर स्विच बंद ठेवा.

हिवाळ्याच्या सुरुवातीला येणारा जळका वास बहुधा धुळीचा असतो. हीटर बंद आणि गार असताना जाळीवरून व्हॅक्यूम फिरवा, बस.

पैसे वाचवायला जाऊन

सगळ्यात महागडी चूक म्हणजे हीटरचं इनपुट कमी करून संध्याकाळी फॅन हीटर लावणं. तो महाग दराने चालतो. काही स्टोरेज हीटरांत लगेच ऊब देणारा ‘बूस्ट’ असतो, तोही बहुधा तसाच. पाणी तापवायचा इमर्शन मात्र टायमर लावून रात्री चालवा. कपड्यांचं मशीन रात्री लावायचा मोह होतो, पण सगळे झोपलेले असताना ते चालवू नका असं इथली अग्निशमन दलं सांगतात, आणि मला ते पटतं.

जुना हीटर काढून साधे पॅनल हीटर बसवू, ‘शंभर टक्के कार्यक्षम’ आहेत, असं कुणी सुचवलं तर थांबा. विजेचा प्रत्येक हीटर तसाच असतो. फरक दराचा आहे, आणि पॅनल दिवसाची वीज खातो.

इंग्लंडमधल्या नेहमीच्या भाडेकरारात हीटर दुरुस्त ठेवणं १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम ११ नुसार मालकाचं काम आहे, म्हणून तक्रार लेखी करा. पेटी स्वतः उघडू नका. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या काही मॉडेलांत ॲस्बेस्टॉस आहे. इलेक्ट्रिशियन ठरला की हीटर दोन रात्री आधी बंद करा, नाहीतर विटा हात लावण्याजोग्या नाहीत म्हणून तो तसाच परत जाईल आणि फेरीचे पैसे घेईल.